दोनशे बारा बाक्या

ड्युलूथ, मिनेसोटा
रविवार, ९ फेब्रुवारी १९६४

प्रिय अल्मा,

तू बरी असशील असं धरून चालते. इथे सगळं ठीक. पारा आठवडाभर शून्याच्या वर आला नाही आणि सरोवर नजर पोचेल तिथवर पांढरं झालंय. चर्चमधल्या बायका अजून पाळीपाळीने जेवण आणून देतात. तीन महिने तेच बटाटे आणि तेच मशरूमचं सार. मी खाते, कारण भांडं परत करावं लागतं.

आर्विद गेला तेव्हा तू भावासाठी पाठवलेलं फुलांचं चक्र मिळालं. आभार मानायचे राहिले होते. माझी तार तुला दफन झाल्यावर मिळाली, असं तू कारिनला लिहिलंस म्हणे. तारांचं हल्ली असंच होतं.

म्हणजे तू कारिनला लिहितेस. हे मला कोणी सांगितलं नाही. नाताळच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा तिच्या पुस्तकातून पाकीट खाली पडलं आणि मी अक्षर ओळखलं. सव्वीस वर्षांनी ओळखलं. पाकीट उघडलं नाही. तिलाच विचारलं, तर कशी सहज म्हणाली, "अगं, मीच आत्याला आधी लिहिलं. त्या आकड्यासाठी."

तो आकडा मी सव्वीस वर्षांत उच्चारला नव्हता. तिने कागदावर लिहून माझ्यासमोर धरला: १२३४५६७८९१. एक ते नऊ ओळीने, आणि पुन्हा एक.

"कॉलेजच्या ग्रंथालयात प्रोफेसर एलिंगसनच्या जुन्या गणित-पत्रिका चाळत होते," ती म्हणाली, "आणि त्यात तुझं माहेरचं नाव! मिस व्हर्ना हाउगेन! आई, तू हे कधी बोलली नाहीस!"

"त्यात बोलण्यासारखं काय होतं?"

"काय होतं? त्यात लिहिलंय की ही संख्या मूळ आहे की नाही ते ठरलं नाही, काही पानं भरवशाची नव्हती. मग मी आकडा कॉलेजच्या गणकयंत्रात घातला. एक मिनिट लागलं नाही. मूळ आहे! एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही."

मग मलाच समजावायला लागली. आई, याला भाग जात असता तर दोन भाजकांपैकी लहान भाजक पस्तीस हजार एकशे छत्तीसच्या आतच सापडला असता, त्यापुढे बघायचं कारण नाही. मी भांडी पुसत ऐकून घेतलं. आपण दोघींनी प्रोफेसरांसाठी जेवणाच्या सुट्टीत, एक दिवस तू, एक दिवस मी, विमा कंपनीच्या त्या हाताने फिरवायच्या यंत्रावर तेवढे सगळे मूळ भाजक घेतले होते, साडेतीन हजारांवर. सात घेतला तर बाकी चार. अकरा घेतला तर बाकी सात. तेरा घेतला तर बाकी अकरा. हे मला झोपेतही सांगता येईल. पण तिला म्हटलं, "असेल बाई."

तर आता मुद्दा. कारिन म्हणते, तुझ्याकडे आपली सगळी पानं अजून आहेत आणि तू ती तिच्या कॉलेजला द्यायला तयार आहेस. का, अल्मा? सव्वीस वर्षं ती पानं जपून ठेवायचं काय कारण होतं? आणि नेमकी आताच, आर्विद गेल्यावर, बाहेर काढायचं काय कारण?

आणखी एक विचारते, रागावू नकोस. आर्विदच्या जाड कोटाच्या अस्तरात मला बसची तिकिटं सापडली. अकरा. सगळी तुझ्या टू हार्बर्सची, सगळी गुरुवारची. गुरुवारी तो खलाशांच्या क्लबात पत्ते खेळायला जातो असं मला सांगायचा. टू हार्बर्समध्ये आमच्या ओळखीचं तू सोडून कोणी नाही. त्याला तू काय सांगत होतीस?

पानं कारिनला देऊ नकोस. जुने कागद, पिवळे पडले असतील, अक्षर पुसट झालं असेल. माझ्याकडे पाठव. मी एकदा नजरेखालून घालीन आणि मग काय ते ठरवू.

व्हर्ना


ड्युलूथ
रविवार, १ मार्च १९६४

प्रिय अल्मा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. पुन्हा उतरवते, म्हणजे मी काय वाचलं ते तुला कळेल:

"व्हर्ना, पानं मी अजून कोणाला दिलेली नाहीत. तुझं नाव त्यात आहे, म्हणून तुझी हरकत नसेल तरच देईन. आर्विद काय बोलला ते सांगेन. पण आधी तू सांग, तू मला नक्की काय विचारते आहेस?"

मी हे पाच-सहा वेळा वाचलं. 'तुझी हरकत नसेल तर' यात काय दडलंय ते शोधत राहिले. तू अशी कधीच नव्हतीस. तू म्हणजे फाडकन तोंडावर बोलणारी. कंपनीतल्या मुख्य कारकुनाला तू सगळ्यांदेखत म्हणाली होतीस, "साहेब, बेरीज चुकली तुमची, आवाज कशाला चढवता?" ती अल्मा माझी परवानगी मागते? मला वाटलं, हिला माझ्याकडून काहीतरी लेखी हवंय.

हवंच असेल तर घे. पण सगळं जसं झालं तसं सांगते.

तो अडतीस सालचा मार्च. बर्फ फुटेपर्यंत बोटी बंद, म्हणून आर्विद तुझ्याकडे राहत होता. तुला माहीत नव्हतं की यंत्रावर माझा दिवस असला की जेवणाच्या सुट्टीत तो कंपनीच्या मागच्या दाराशी थांबायचा. आम्ही बंदराकडे चालत जायचो, एका फिनिश बाईच्या खानावळीत कॉफी प्यायचो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची बोट सुटणार होती, मग डिसेंबरपर्यंत अधूनमधून दोन-चार दिवस. आमच्या हातात तीन आठवडे होते. फक्त तीन.

माझ्या वाट्याला तेव्हा सत्तावीस हजारांच्या पुढचे भाजक होते. मी थोडी घाई केली असेल. एखादा भागाकार पुन्हा तपासायचा राहिला असेल. कोणाचं होत नाही असं?

मग मे महिन्यात प्रोफेसरांनी आपल्याला बोलावलं. त्यांच्या टेबलावर ते एकसष्टावं पान होतं. आठवतं? चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "मुलींनो, २७९६१ ने भागलंय आणि बाकी लिहिलीय २८१४९. बाकी भाजकाहून मोठी कशी असेल? तिसरीतल्या मुलीलाही कळेल. हे चुकलेलं नाही, हे भागलेलंच नाही. पान कोणाचं?"

मी एवढंच म्हटलं की त्या पानाचं मला काही आठवत नाही. अक्षर तुझं होतं, अल्मा. सगळ्याच पानांवर अक्षर तुझं होतं, कारण तुझं अक्षर छापल्यासारखं, म्हणून पक्की प्रत तू करायचीस. त्यांनी त्यातून काय अर्थ काढला, तो त्यांनी काढला.

कॉलेजातली कोष्टकं करायची ती जागा त्यांनी तुला द्यायचं ठरवलं होतं, ती मला दिली. मी मागितली नव्हती. तू त्याच महिन्यात टू हार्बर्सच्या शाळेत ग्रंथपाल म्हणून निघून गेलीस, न सांगता. मला वाटलं, अपराधी नसती तर भांडली असती.

आता तू सांग. आर्विदला तू काय सांगत होतीस?

आणि ती तार. पोस्टाचा काही दोष नव्हता. दफन सकाळी झालं, तार मी दुपारी केली. चर्चच्या पायऱ्यांवर तुला आर्विदची बहीण म्हणून माझ्या शेजारी उभं राहिलेलं मला बघवलं नसतं. हे मी लिहायला नको होतं, पण लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

व्हर्ना


ड्युलूथ
रविवार, २२ मार्च १९६४

प्रिय अल्मा,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. जड होतं. मला वाटलं वकिलाचं असेल. दोन दिवस न उघडता कपाटावर ठेवलं.

आधी पानं पाहिली. आपली जुनी पानं, आणि त्यांच्या खाली आणखी सात, तुझ्याच अक्षरात, वर तारीख जुलै १९३८. त्या तीन आठवड्यांतले माझ्या वाट्याचे दोनशे बारा भाजक. प्रत्येकापुढे भागाकार आणि बाकी.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसले. २७९६१ घेतला. सगळा भागाकार कागदावर मांडला. उत्तर आलं ४४१५३, बाकी ५८५८. तुझ्या जुलैच्या पानावर तेच. अजून आठ घेऊन बघितले, कारण माझा विश्वास बसेना. आठही बरोबर. म्हणजे त्या उन्हाळ्यातच तुला ठाऊक होतं की आकडा मूळ आहे. जगात कोणालाच माहीत नव्हतं तेव्हा तुला माहीत होतं. आणि तू ते कोणाला पाठवलं नाहीस.

मग तुझं पत्र वाचलं. "कोणाला पाठवणार होते? माझ्या अक्षरातलं पान खोटं असतं हे ठरून गेलं होतं." एवढंच लिहिलंस. पुढे दुसरा विषय.

त्या पत्रात तू एक गोष्ट विचारली नाहीस, म्हणून मीच लिहिते. मी घाई केली नव्हती. मी भागलंच नव्हतं. त्या दोनशे बारांतला एकही नाही.

रविवारी दुपारी तुझ्या स्वयंपाकघरात आपण बसायचो. तू दौत-टाक घेऊन, मी माझ्या चिठ्ठ्या घेऊन. मी वाचायची, तू लिहायचीस. "सत्तावीस हजार सातशे एकोणपन्नास?" तू विचारायचीस. मी चिठ्ठीकडे बघून बाकी सांगायची. ते तीन रविवार माझ्या हातातल्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या, अल्मा. मी कोऱ्या कागदावर नजर फिरवत आकडे बोलत होते. मध्ये थांबायची, अक्षर लागत नाही असं दाखवायची. एकदा तू म्हणालीस, "सावकाश गं, घाई नाही." मला वाटलं तुला कळलं. तू मला आणखी कॉफी ओतलीस.

आणि प्रोफेसरांसमोर मी 'आठवत नाही' म्हटलं नव्हतं. ते मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्यांनी विचारलं, "पान कोणाचं?" आणि मी म्हटलं, "अल्माचं आहे, सर." तू माझ्याकडे वळून पाहिलंस. काही बोलली नाहीस. मी त्या गप्प बसण्याचा अर्थ सव्वीस वर्षं मला हवा तसा लावला. तुझ्या पत्रात तो आता कळला: तुला वाटलं, उतरवताना चूक खरंच तुझीच झाली असेल. म्हणून तू घरी जाऊन ते सगळे भाजक पुन्हा घेतलेस. माझ्यावर संशय घ्यायच्या आधी तू स्वतःवर घेतलास.

मग आर्विदचं. तू लिहिलंस ते मी उभ्याने वाचलं आणि नंतर बसले.

त्या तीनपैकी एका रविवारी तो माझ्या पाठीमागे रेडिओ खोलून बसला होता, हे मी विसरलेच होते. त्याला माझी कोरी चिठ्ठी दिसत होती. तुला तो एकदाच म्हणाला, "मला वाटलं, काय डोकं आहे या मुलीचं! सगळे आकडे पाठ!" आणि मग मे महिन्यात तो बोटीवरून उतरल्यावर मी त्याला तुझ्या चुकलेल्या पानाबद्दल सांगितलं, तेव्हा त्याला सगळं कळलं. तेव्हाच. "पण तोवर मी तिला लग्नाचं विचारून बसलो होतो, अल्मा. आणि माझ्याबरोबर फिरायला म्हणूनच ती यंत्रावर बसली नव्हती ना."

पंचवीस वर्षं मी त्याच्या शेजारी झोपले. तुझं नाव निघालं की मी सांगायची, अल्मा अशी, अल्मा तशी, अल्माने मला प्रोफेसरांपुढे कसं उभं केलं. तो 'हं' म्हणायचा. मला वाटायचं तो माझ्या बाजूने आहे. एकदाही म्हणाला नाही, बस झालं, व्हर्ना. मला त्याचा इतका राग आला की मी त्याचा कोट खुंटीवरून काढून तळघरात टाकला. मग जाऊन परत आणला.

त्या एका वेळेखेरीज गुरुवारी तुमच्यात माझं नाव निघत नसे असं तू लिहितेस. तो तुझ्या खिडक्या नीट करायचा, तू त्याला राईचा पाव द्यायचीस, आणि पाचच्या बसने तो परत. मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करते आहे. सवय नाही. काल दिवसभर मनात येत होतं की तो तुझ्याकडे माझ्याबद्दल रडला असेल, आणि तू दयेपोटी मला सांगत नसशील.

शुक्रवारी कारिन घरी आली. तिला मी टेबलाशी बसवलं आणि पानं पुढे ठेवली. एकसष्टावं आणि त्याबरोबरची पानं, आणि त्यांच्या शेजारी तुझी जुलैची.

ती बघत राहिली. "दोन्ही आत्याच्याच अक्षरात आहेत. आकडे वेगळे का?"

"डावीकडचे मी सांगितले, तिने लिहून घेतले."

"मग चुकले कसे? यंत्र बिघडलं होतं?"

"यंत्राला मी हातच लावला नव्हता. मी बाहेर होते. तुझ्या वडिलांबरोबर."

तिला कळायला वेळ लागला. लहानपणापासून तिने आत्याबद्दल एकच गोष्ट ऐकली होती. माझ्याकडून. डावीकडची सगळी पानं बोट फिरवत बघून ती म्हणाली, "एकाही बाकीच्या शेवटी शून्य नाही. एकही आकडा लागोपाठ दोनदा आलेला नाही. दोनशे बारांत असं होत नाही, आई. मनाने आकडे काढणारा माणूस शून्याला घाबरतो." मग वर बघितलं. "एकही भागला नाहीस?"

"एकही नाही."

"आणि त्यातच एखादा भाजक असता तर? आकडा मूळ नसता तर?"

"पण मूळ आहे, कारिन."

"ते तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आकडा मूळ निघाला म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस."

ती उठून खिडकीशी गेली आणि माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "चौथीत असताना मी आत्यासाठी नाताळचं कार्ड केलं होतं. तू म्हणालीस पोस्टात टाकलं. टाकलं होतंस?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. फक्त "बरं".

सकाळी तिने सगळी पानं एका खोक्यात भरली. मी म्हटलं, तुझ्या कॉलेजला जे लिहायचं ते लिही. अल्मा शोबर्गने ही संख्या मूळ असल्याचं १९३८ च्या जुलैत हाताने पुरं केलं, असं लिही. माझं नाव काढ. तर म्हणाली, "काढून कसं चालेल? निम्मे भाजक तुझे आहेत. त्या दोनशे बारांखेरीज तुझे बाकीचे खरे आहेत ना?"

"खरे आहेत."

"कशावरून?"

अल्मा, माझी पोटची मुलगी मला विचारते कशावरून. तर कशावरूनच नाही. मी म्हणते म्हणून. ती म्हणाली, "मग मी तुझे सगळे यंत्रावर तपासते. एकूण एक. तोवर कुठेच काही छापणार नाही." आणि माझ्या गालाला गाल न लावता गेली.

राग आला मला. खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला. सोळाशेच्या वर भागाकार मी प्रामाणिकपणे केलेत. बोटांना घट्टे पडले होते त्या यंत्राच्या दांड्याने. मग बसून विचार केला की हे मी कोणाला सांगू? हे ज्याला पटेल असा एकच माणूस होता, आणि त्यानेच कोरी चिठ्ठी पाहिली होती.

येत्या शनिवारी कारिन इथे थांबून पुढे तुझ्याकडे येते आहे. हे पत्र तेव्हा तिच्याच हाती देईन. पाकीट चिकटवत नाही, तिने वाटेत वाचलं तरी चालेल. मी तिला काही पढवलेलं नाही. ती विचारेल ते सांग, माझ्याबद्दलचंही, आर्विदबद्दलचंही. मला सांभाळून बोलू नकोस.

मी येत नाही. माफी पत्रात मागायची नसते असं मला वाटतं, आणि समोर येऊन मागायची हिंमत अजून झालेली नाही. होईल तेव्हा आधी कळवीन, आणि तू 'नको' म्हणालीस तर त्यात दुसरा अर्थ शोधणार नाही.

माझे बाकीचे आकडे बरोबर निघतील. पण कारिन काय म्हणते त्याची वाट बघ, अल्मा. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

व्हर्ना